जयंतीची शिडी

मी एक जुनी शिडी आहे. मित्रांनो, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. एरवी तुमच्यातला एकही माझा मित्र नाही. तुम्ही मला उभी करता, माझ्या अंगावर पाय देत वर जाता आणि काम झाले की भिंतीकडेला आडवी टाकता. मग माझ्यातच पाय अडकून पडता आणि शिव्याही मलाच देता. ज्यांना गोडगोड आत्मवृत्त ऐकायचे असेल त्यांनी फाटक्या छत्रीकडे जावे, नाहीतर शाळेच्या घंटेकडे. त्या दोघी रडूबाई आहेत. मी रडत नाही. मला राग येतो, आणि तो का येतो ते आज मी सांगणार आहे.

माझा जन्म परक्यांचे राज्य असताना झाला. रस्त्यावरचे दिवे पुसायला उंच शिडी हवी होती, म्हणून एका तरुण सुताराने मला घडवले आणि पुढे स्वतःच्याच घरी ठेवले. माझे दोन्ही दांडे त्याने एकाच ओंडक्यातून काढले. एकाच झाडाचे दांडे वजन आले की सारखे वाकतात, असे तो म्हणायचा. पायऱ्या त्याने खाच पाडून बसवल्या, खिळा एकही ठोकला नाही. सगळे झाल्यावर जवसाचे तेल चिंधीवर घेऊन त्याने मला नखशिखांत चोळले. पुढे घरात जो कोणी मला हात लावी त्याला तो एकच गोष्ट बजावत असे.

"हिला तेल पाजा, पण रंग कधी लावू नका. रंगाखाली लाकूड काय करतंय ते कळत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवे होते त्यांनी ठेवले नाही.

आता ज्यांच्या जयंतीला तुम्हाला सुट्टी मिळते त्यांच्याविषयी. सगळे त्यांना 'थोरले' म्हणतात. तुमच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा आहे, आणि धड्यात ते मूठ उगारून उभे आहेत. मी त्यांना धड्याबाहेर पाहिले आहे. चौकात सभा होती. सभेला बंदी होती, पण सभा होती. दोन खांबांच्या मध्ये कापडी फलक बांधायला सुतार माझ्यावर चढला होता आणि खाली एक जण मला धरून होता. शिपाई आल्याची शिट्टी ऐकू आली आणि तो धरणारा पळाला. सुतार वर, दोन्ही हातांत दोरी, आणि मी लटपटत होते. तेवढ्यात एका काटकुळ्या माणसाने येऊन मला पकडले. एक हात खाली, एक हात डोक्याच्या वर, माझ्या दांड्याभोवती मूठ घट्ट.

"तू बांध रे सावकाश," तो म्हणाला, "मी धरलंय."

तेच थोरले. शिपायाने त्यांच्या बोटांच्या पेरांवर दंडुका मारला. पुन्हा मारला. त्यांचे रक्त माझ्या लाकडात मुरले, पण सुतार जमिनीवर उतरेपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही. भाषण त्या दिवशी झालेच नाही. माझ्या मते ते त्यांचे सर्वांत चांगले भाषण होते.

कोणीतरी त्या क्षणाचा फोटो काढला होता. पुढे स्वातंत्र्य आले, थोरले गेले, आणि बागेत त्यांचा पुतळा उभारायचे ठरले तेव्हा शिल्पकाराला तोच फोटो दिला. पण देण्याआधी एका हुशार माणसाने तो कात्रीने कापला. थोरल्यांच्या फोटोत शिडी कशाला, असे त्याला वाटले. शिल्पकाराने पाहिली ती नुसती उंच धरलेली मूठ. त्याने तशीच केली, आणि मुठीत जे गोल भोक राहिले त्याचे काय करावे हे कोणाला कळेना. शेवटी ठरले, दरवर्षी जयंतीला त्यात झेंडा खोवायचा. ते भोक माझ्या दांड्याचे आहे, मित्रांनो. वर्षातून एकदा मी त्याच्यासमोर उभी असे आणि हे कोणाच्याही ध्यानात येत नसे.

पहिल्यापहिल्यांदा जयंती साधी होती. लोक यायचे, झेंडा लागायचा, राष्ट्रगीत व्हायचे, थोरल्यांना पाहिलेला कोणी म्हातारा दोन शब्द बोलायचा आणि मंडळी घरी जायची. मग समिती झाली. समितीला अध्यक्ष आले, अध्यक्षांना खुर्ची आली, खुर्चीला छत आले. दरवर्षी पुतळ्याला सोनेरी रंगाचा एक हात बसू लागला. जुना रंग कोणी खरवडत नसे, त्यावरच नवा. थरावर थर चढून त्या काटकुळ्या माणसाचे गाल फुगले, डोळे बुजले, नाक बटाट्यासारखे झाले. आता ते थोरल्यांपेक्षा अध्यक्षांसारखेच जास्त दिसतात. हा योगायोग असेल असे मी धरून चालते, कारण मला कोर्टकचेरी नको आहे.

झेंडा खोवायचे काम सुताराच्या मुलाकडे आले. तो बागेचा रखवालदार झाला होता आणि बागेच्या मागच्या खोलीत राहत असे. मी त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, वळचणीखाली दोन खुंट्यांवर टांगलेली असे, त्यामुळे त्या घरातले सगळे मला ऐकू येई. तो वर चढायचा आणि त्याची बायको खाली मला धरायची. "वर तुम्ही, खाली मी. आपला संसार हा असाच, उभ्याउभ्याने," असे ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. राष्ट्रगीत सुरू झाले की सगळे सावधान उभे राहत. ती पाय जुळवून ताठ उभी राही, पण माझे दांडे सोडत नसे. एकदा कोणीतरी तिला टोकले.

"माझे हात कामात आहेत," ती म्हणाली. "थोरले घेतील समजून."

तिच्याएवढे मला कोणी धरले नाही. ती गेली तेव्हा मला वळचणीखाली बघायलाही कोणी आले नाही, आणि पायऱ्यांवर कोळ्यांनी जाळी केली. मग लेक मला धरू लागली. ती त्याच बागेत माळीकाम करत होती. हात आईसारखा घट्ट, जीभ बापासारखी तिखट. आजोबांची एक सवय तिने उचलली होती. चढण्याआधी ती प्रत्येक पायरीवरून अंगठा फिरवी. कुठे चीर असेल, कुठे लाकडाचे कुसळ उठले असेल, ते अंगठ्याला कळते.

मग रखवालदाराचा गुडघा कुरकुरू लागला. एका जयंतीला तो वर चढत असताना गुडघ्याची कटकट मला स्पष्ट ऐकू येत होती, म्हणजे खाली लेकीलाही येत असणार. तो उतरला आणि अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, "आपले रखवालदार आता थकले! पुढच्या वर्षीपासून झेंडा लावण्याचा मान त्यांच्या लेकीला!" टाळ्या झाल्या. बापाला विचारले नव्हते, लेकीला विचारले नव्हते. पण बापाला वाटले, लेकीने आतून हे जुळवून आणले.

"तुला माहीत होतं," घरी आल्यावर तो म्हणाला.

"नव्हतं, बाबा. मी पण तिथेच ऐकलं."

"खोटं बोलू नकोस. थकलो म्हणे! कुणी सांगितलं त्यांना, मी थकलो?"

लेकही त्याचीच. तिने गप्प बसायला हवे होते, ती बसली नाही. "कुणी सांगायला कशाला हवं? गुडघा वाजतो तुमचा. अख्ख्या बागेला ऐकू जातो. तुम्ही माझ्या डोक्यावर पडायची वाट बघायची होती का मी?"

त्या घरात बोलणे तिथेच संपले. वर्षभर अबोला. एकाच खोलीत दोघे, एक जेवण रांधायचे आणि दोघांनी दोन कोपऱ्यांत जेवायचे. अगदीच अडले तर मांजराशी बोलायचे. "मांजरा, कुणाला तरी सांग, नळ गळतोय." "मांजरा, कळव त्यांना, गळू दे." त्या मांजराला वर्षभरात इतके महत्त्व आले की ते उंदराकडे पाहीनासे झाले. माणसे बोलत नाहीत तेव्हा फार मोठे काहीतरी करत आहेत असा त्यांचा चेहरा असतो. मला तो चेहरा अजिबात आवडत नाही.

पुढच्या जयंतीच्या थोडे आधी समितीचा भोंगेवाला आला. त्याने न विचारता मला नेले, एका खांद्यावर दोन लोखंडी भोंगे घेतले आणि धाडधाड वर गेला. वरून तिसऱ्या पायरीवर तो थांबला, उडी मारल्यासारखा वळला, आणि माझ्या पायरीत उभी चीर गेली. त्याला ते कळलेही नाही. मला परत आणून त्याने भिंतीवर असे आदळले की वळचणीतली चिमणी उडाली.

लेकीचा अंगठा त्या चिरेवर थांबला. तिने खाली वाकून पाहिले, नख घालून पाहिले. मग लाल कापडाची एक चिंधी फाडून तिने त्या पायरीला गच्च गाठ मारली. याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. चिंधी बांधलेल्या पायरीवर पाय द्यायचा नाही, आणि पायरी बदलली की मगच चिंधी सोडायची. पायरी बदलणे बापाचे काम होते, कारण सुताराची पटाशी आणि रंधा त्याच्याकडे होते. "मांजरा," ती मोठ्याने म्हणाली, "वरून तिसरी गेलीय. सांग."

बापाने ऐकले. बाहेर येऊन चिंधी पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सुताराच्या पोराला लाकूड शिकवतायत," तो मांजराला म्हणाला. करीन उद्या, असे म्हणून तो आत गेला. दुसऱ्या दिवशीही त्याचा राग उतरला नाही. मित्रांनो, पायरी बदलायला त्याला एक सकाळ पुरली असती.

मग अध्यक्ष बागेत आले. त्यांना लोक पाठीमागे 'फीतकापे' म्हणतात, कारण फीत दिसली की त्यांचा हात कात्रीकडे जातो. त्यांच्यामागे एक कार्यकर्ता रंगाचे डबे घेऊन होता. अध्यक्षांनी बाके पाहिली, कुंड्या पाहिल्या, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही काय मळकी शिडी! थोरल्यांच्या शेजारी ही उभी करता? हिला राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगवून टाका. आणि हो, गेल्या वर्षीच्या फोटोत शिडी धरणारं माणूस वाकलेलं दिसत होतं. कसं दिसतं ते! या वेळी राष्ट्रगीत सुरू झालं की जो जिथे असेल तो तिथे सावधान. हात बाजूला. शिडीवाल्यानेसुद्धा."

"मी वर असणार," लेक म्हणाली. "खाली हात सोडला तर?"

"अहो ताई, राष्ट्रगीत असतं केवढं? तेवढा वेळ शिडी राहते उभी. आणि झेंडा शेवटच्या ओळीलाच मुठीत गेला पाहिजे बरं का, तेव्हा फोटो निघणार."

"सोडायचा नसतो हात. आई कधी सोडायची नाही."

अध्यक्षांनी रखवालदाराकडे पाहिले. "काय हो? राष्ट्रगीताला तुम्ही हालता का कधी?"

हा प्रश्न त्यांनी बरोबर माणसाला विचारला. एकदा राष्ट्रगीत चालू असताना गांधीलमाशी त्याच्या मानेवर बसली, चावली आणि उडून गेली, पण हा पापणीसुद्धा न हलवता उभा राहिला होता. त्याचा त्याला केवढा अभिमान. "आजवर हाललो नाही," तो ताठ होत म्हणाला. लेकीने त्याच्याकडे असे पाहिले की मी माणूस असते तर डोळे मिटून घेतले असते.

रंग लावायचे काम त्यालाच सांगितले. आपल्या सुतार बापाने बजावलेले वाक्य त्याला आठवत नव्हते असे नाही. हातात कुंचला घेऊन तो बराच वेळ माझ्यासमोर बसला. पण त्याला वाटत होते, झेंडा गेला, मान गेला, निदान शिडी तरी अशी चकचकीत करावी की लोक म्हणतील, ही त्याची शिडी. तो खालून रंगवत वर आला. वरून तिसऱ्या पायरीशी चिंधी आडवी आली. ओल्या रंगात चिंधी कशी दिसेल? त्याने ती सुरीने कापून टाकली. चीर दिसली. त्याने तिच्यात लांबी भरली, म्हणजे रंगारी भेगा बुजवायला वापरतात तो लगदा, आणि वरून रंगाचा हात मारला. हे करताना तो पुटपुटत होता, आणि शब्द न् शब्द मी ऐकला.

"तिला माहीत आहे कुठली. तिनंच तर बांधली होती चिंधी. टाळेल ती."

एवढेच तोंड उघडून तिला सांगायचे होते. मांजराला सांगितले असते तरी चालले असते. पण मांजर त्या वेळी झोपले होते.

जयंतीच्या सकाळी लेक माझ्याजवळ आली. तिने अंगठा फिरवला. सगळीकडे गुळगुळीत. रंगावर अंगठा आंधळा होतो. वरून तिसऱ्या पायरीपाशी तो थांबला. चिंधी नव्हती, चीर नव्हती. तिचा चेहरा बघता बघता उजळला.

"बदलली," ती मांजराला हळूच म्हणाली. "बोलले नाहीत, पण बदलली हो माझ्या बाबांनी."

मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडले असते. तुम्ही लोक ज्याला तोंड आहे त्याला गप्प बसवता आणि ज्याला तोंड नाही त्याला रंग लावता. त्या क्षणी मला तुमचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

बाग माणसांनी भरली होती. मला चौथऱ्यावर पुतळ्याला टेकवून उभे केले. लोक म्हणाले, वा, शिडी काय सुंदर दिसते! माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती, आणि ती माझी नव्हतीच, रंगाची होती. अध्यक्षांनी भाषण केले. परक्यांना आव्हान देणारी ही मूठ, असे ते म्हणाले. ही मूठ आपल्याला काय सांगते, असे त्यांनी पाच वेळा विचारले आणि पाचही वेळा वेगळे उत्तर दिले. मग बँडवाल्यांनी तोंडाला वाद्ये लावली. लेक झेंडा काखेत धरून चढू लागली होती. बाप खाली माझे दोन्ही दांडे धरून होता.

राष्ट्रगीत सुरू झाले आणि बापाने हात सोडले.

सगळी बाग ताठ झाली. मी रंगाने निसरड्या झालेल्या पायांवर एकटी उभी होते आणि लेक वर वर येत होती. बाप मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी तिची पावले पाहत होता. ती चिरलेल्या पायरीच्या खाली आली. आता ती ढांग टाकून ती पायरी ओलांडणार, असे त्याला वाटत होते. तिने पाय उचलला, आणि तो नेमका तिसऱ्या पायरीवर आणला. चुकून नव्हे, अगदी विश्वासाने.

"पोरी, ती नको!"

बापाने आयुष्यात पहिल्यांदा राष्ट्रगीताला तोंड उघडले. पण तेवढ्यात मोठा ढोल वाजला. पायरी कडाडून मोडली. झेंडा खाली पडला, मी एका पायावर फिरले, आणि लेकीने दोन्ही हातांनी थोरल्यांचे मनगट पकडले. सोनेरी पोपडे तिच्या तोंडावर पडले. ती लोंबकळत होती आणि खाली दगडी चौथऱ्याची धार होती.

आणि मित्रांनो, बाग सावधान उभी होती. एका बाईचा हात तोंडाकडे गेला, तिने तो पुन्हा खाली नेला. पोलिसाची मान वळली, पाय वळले नाहीत. अध्यक्षांच्या बुबुळांनी बरीच धावपळ केली, पण बोटे शिवणीला चिकटलेली. बँड वाजतच राहिला, कारण बँडला कोणी थांब म्हटले नव्हते. ज्या माणसाने दंडुके खाऊन मूठ सोडली नाही, त्याच्या वाढदिवसाला एवढ्या माणसांमधून एकही हात पुढे आला नाही. सगळे त्याला मान देत होते.

हालला तो एकटा रखवालदार. तो न वाजणाऱ्या पायाने आणि वाजणाऱ्या गुडघ्याने धावला. त्याने मला छातीशी धरून ओढले आणि तिच्या पायांखाली आणून टेकवले. दोन्ही मुठी माझ्या दांड्यांभोवती.

"मी धरलंय! पाय खाली सोड. खालची पायरी पक्की आहे."

"कशावरून?" वरून लेक ओरडली. वर्षभरानंतर ती त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "कशावरून पक्की?"

सगळ्या बागेसमोर, राष्ट्रगीताच्या शेवटच्या ओळीवर, तो ओरडून म्हणाला, "मी पायरी नाही बदलली! नुसता रंग मारला! बाकीच्या तुझ्या आजोबांच्या आहेत, त्यांच्यावर ये!"

ती आली. आजोबांच्या पायऱ्यांनी तिला खाली आणले. तिचे एक मनगट मोडले होते. राष्ट्रगीत संपले आणि सगळ्यांना एकदम माणुसकी आठवली. पाणी आणा, वारा घाला, डॉक्टरला बोलवा, म्हणत इतकी गर्दी झाली की डॉक्टरला आत यायला वाट मिळेना.

लेकीने बापाकडे पाहिले. त्याच्या नखांत अजून रंग होता.

"मला वाटलं तुम्ही बदललीत," ती म्हणाली. "म्हणून मुद्दाम तिच्यावर पाय दिला."

बाप नखांतला रंग खरवडू लागला.

पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखले असेल. दोष शिडीचा निघाला. शिडी जुनी होती, शिडीने ऐन वेळी दगा दिला, असे समितीने म्हटले. एक कार्यकर्ता तर मला देशद्रोही म्हणाला. रखवालदाराला सांगितले, राष्ट्रगीताला हाललात, वर ओरडलात, माफी मागा. तो म्हणाला, माफी मागायची आहे, पण तुमची नाही. नोकरी गेली, बागेतली खोली गेली. नवी अॅल्युमिनियमची शिडी आली. तिला त्यांनी आधी रंग दिला आणि मग बागेत आणले.

मला कचऱ्याच्या ढिगाकडे न्यायला माणसे आली तेव्हा लेक हात गळ्यात बांधून मध्ये उभी राहिली. "ही आमची आहे," ती म्हणाली. एक टोक तिने चांगल्या खांद्यावर घेतले, दुसरे बापाने. माझ्याएवढी लांब शिडी दोघांनी मुक्याने नेता येत नाही. "वळव." "थांबा, खांब आहे." "वर घे, वर!" "तुम्ही खाली घ्या!" नव्या घरापर्यंत त्यांचे तेवढेच बोलणे झाले, आणि त्यातले निम्मे भांडणच होते. मांजर मागून चालत आले. त्याची नोकरीही गेली होती.

बापाने काचेच्या तुकड्याने माझा रंग खरवडला. बरेच दिवस लागले. रोज संध्याकाळी अंगणात बसायचा आणि खालमानेने खरवडायचा. मग त्याने नवी पायरी केली. लेकीने ती बोटाने वाजवून पाहिली. "नाही चालणार. परत करा," ती म्हणाली. त्याने परत केली. दुसरीही तिने परत करायला लावली. तिसरीवर तिने अंगठा टोकापासून टोकापर्यंत फिरवला आणि ती आत निघून गेली. तो तिथेच बसून राहिला आणि त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. तिने त्याला माफ केले असे समजू नका. ती अजून त्याला टोचून बोलते, तोही उलट बोलतो. पण बोलतात.

पुढची जयंती आली. ते दोघे बागेत गेले नाहीत. लेक माझ्यावर चढून घराच्या छपराचा निखळलेला पत्रा ठोकत होती, बाप खाली मला धरून होता. पलीकडच्या रस्त्यावरच्या भोंग्यातून राष्ट्रगीत ऐकू आले. लेकीने हातोडी थांबवली आणि ती वर ताठ झाली. बापाची बोटे सैल होऊ लागलेली मला कळली. आयुष्यभराची सवय होती ती. हात बाजूला जायला निघाले होते.

गेले नाहीत. त्याने पाय जुळवले, मान सरळ केली, पाठ ताठ केली, आणि दोन्ही मुठी माझ्यावर तशाच आवळून धरल्या. एक हात खाली, एक हात डोक्याच्या वर. शेवटच्या ओळीपर्यंत. त्या मुठीत भोक नव्हते, तिथे मी होते. समिती झाल्यापासून थोरल्यांची जयंती नीट साजरी झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

झाले माझे सांगून. आता या गोष्टीवर टाळ्या वाजवू नका, मला टाळ्यांचा वीट आला आहे. घरी जाऊन तुमच्या शिडीच्या पायऱ्यांवरून अंगठा फिरवा. तेल पाजवत असेल तर पाजा, ते जमत नसेल तर तिला चुलीत घाला, पण रंग लावू नका. आणि वर कोणी असेल तर हात सोडू नका, मग बँड काहीही वाजवत असो.